बोटवाली आपा

१४ जून. भाड्यानं राहणाऱ्या नव्या मुली यायच्या आत गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घ्यावी म्हणून पदर खोचून मी टाकीत उतरले होते. तळाला गाळ बसला होता, तो घमेल्यानं काढत होते. कठड्यावर ठेवलेला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. वैशालीचा होता. माझी मुलगी वैशाली इस्लापूरच्या शाळेत भूगोल शिकवते आणि एरवी फक्त रविवारी फोन करते. हात पुसून फोन घेतला तर आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. मग म्हणाली, "आई, आपा गेल्या. मी नांदेडला निघालेय."

मी म्हटलं, "काहीतरी खाऊन निघ."

"आई, मी काय सांगतेय ते कळतंय का तुला?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मला कळलं होतं. पण मनात पहिल्यांदा आलं ते हे, की माझ्या वेळी ही एवढी रडेल का? मग मी पुन्हा टाकीत उतरले आणि उरलेला गाळ काढला.

लातूरच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे बोटवाली आपा म्हणायचे. समोरून कुणीही आलं की आपा डोळे बारीक करायच्या आणि शेजारी जो असेल त्याला विचारायच्या, "सवारी का सामान?" त्यांच्या मते जगात या दोनच जाती होत्या. जो आपल्या मनानं निघाला तो सवारी आणि ज्याला दुसऱ्या कुणी पाठवलं ते सामान. घोड्यावर बसलेला नवरदेव गेला की म्हणायच्या, "सामान. पोचवून राहिले बिचाऱ्याला." दावं तोडून पळणारी बकरी दिसली की खूश होऊन म्हणायच्या, "ही खरी सवारी!" एकदा निवडणुकीचा उमेदवार हार घालून, हात जोडून उघड्या जीपमधून गेला. आपा म्हणाल्या, "लई महागाचं सामान हाय. पाठवणारा मागच्या गाडीत बसलाय बघ." मी कोण, हे मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही. मला तेवढा वेळ नव्हता.

आपांचं घर पिंजाऱ्याचं. गाद्या, रजया, उशा भरून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग, मागच्या खोलीत आपा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या आजोबांना निजामाच्या काळात एका जहागीरदारानं आपल्याबरोबर विलायतेला नेलं होतं. कारण असं की जहागीरदाराला परक्या गादीवर झोप येत नसे. म्हणून त्यानं आपली गादी घेतली आणि ती रोज पिंजून नव्यानं भरायला आपला पिंजारीही घेतला. आजोबा मुंबईच्या धक्क्यावरून बोटीत चढले ते कापूस पिंजायची धनुकली खांद्याला लावूनच. आपांची सगळी श्रीमंती म्हणजे हा एक प्रवास.

ती बोट आपांना पाठ होती. अगदी वरच्या मजल्यावर साहेब आणि मडमा. त्यातली एक मडम नवऱ्याला हिंदुस्थानात पुरून परत निघालेली. ती कुणाशी बोलायची नाही, फक्त आजोबांच्या धनुकलीचा आवाज ऐकायला जिन्यात येऊन बसायची. मधल्या मजल्यावर दोन पारशी व्यापारी, एक पाद्री आणि त्याची पोरं, पहिल्यांदाच बूट घालून निघालेला एक विद्यार्थी. खाली खलाशी, स्वयंपाकी, नोकरमाणसं. त्याच्याही खाली सामान: कापसाच्या गाठी, चहाच्या पेट्या, कातडी, टपालाच्या थैल्या, शर्यतीचे चार घोडे आणि कुठल्याशा राजाला नजराणा म्हणून निघालेलं वाघाचं पिल्लू. सगळ्यात तळाशी भट्टी आणि तिच्यात कोळसा टाकणारी माणसं. एडन बंदर आलं की कोळसा भरायचा, मग वाळवंटातून कालवा. "आपल्या शेतातून पाण्याची चारी जाते का न्हाई, तशी," आपा हातानं दाखवायच्या. "दोन्ही अंगाला वाळू आन् मधून एवढी थोरली बोट. उंट बघून राहिले, बोट बघून राहिली." आपांनी स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या लातूरच्या पुढे अहमदपूरपर्यंत गेल्या होत्या, तेही लग्नाला.

आम्ही त्यांच्या शेजारी आलो ते भूकंपानंतर. गावातलं घर पडलं, सासूबाई गेल्या. माझे यजमान चाकूरला शाळेत कारकून होते, म्हणून आम्ही लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वैशाली तेव्हा चार वर्षांची होती. ती छताखाली पाऊल टाकायची नाही. उचलून आत नेली की अंग ताठ करून किंचाळायची. मी समजावलं, चॉकलेट दिलं, दोन धपाटेही दिले. अंगणात बाज टाकून तिच्याबरोबर झोपले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू जाईल. जात नव्हतं. त्या दिवसांत जमीन अधूनमधून हलायचीच. ट्रक गेला तरी आम्ही मोठी माणसंसुद्धा उठून उभे राहायचो, मग तिला काय सांगणार?

एका दुपारी मी भांडी घासत होते. मान वर केली तर पोर दिसेना. शोधत गेले तर आपांच्या पुढच्या खोलीत, छताखाली, कापसाच्या ढिगावर बसलेली. आपा तिला सांगत होत्या, "ही खोली न्हाई माय, ही बोट हाय. बोट हलणारच. हलली म्हणजे चालू हाय, असं समजायचं. थांबली की मग काळजी करायची." तेवढ्यात बाहेरून ट्रॅक्टर गेला आणि पत्रे खडखडले. वैशालीनं डोळे मोठे केले आणि म्हणाली, "चालू हाय!"

त्या दिवसापासून ती घरात झोपायला लागली. मी आपांचे आभार मानले, वाटीभर शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं नाही. महिनाभर जे मला जमलं नव्हतं ते या बाईनं एका दुपारी केलं, तेही कापूस निवडता निवडता.

पुढे रोज संध्याकाळी पोर आपांकडे. "बोटीवर जाते," म्हणून पळायची. मला वाटलं, गोष्टच हवी असेल तर गोष्ट मलाही सांगता येते. एकदा ताप आला म्हणून ती घरात होती, तेव्हा मी उशाशी बसून माझी बोट सुरू केली. साहेब, मडमा, घोडे, सगळे चढवले. म्हटलं, "मग अंधार पडला. बोट एका स्टँडवर थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला उतरले. लोकांनी चहा घेतला, बायकांनी पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या…"

वैशालीनं तापातसुद्धा डोळे उघडले. "आई, समुद्रात स्टँड नसतो."

"मग लोक जेवतात कुठं?"

"बोटीतच. तुला काहीच माहीत नाही."

आता, आपांच्या बोटीतसुद्धा कंडक्टर होता. बोट सुटताना तो दोनदा घंटी द्यायचा, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यांचा कंडक्टर चालत होता, माझा स्टँड चालत नव्हता. यजमानांना सांगितलं तर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तू कशाला बोटीच्या नादाला लागतेस? तुझं ते काम नाही." त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

मग क्लासेसचे दिवस आले. खेड्यापाड्यातली पोरं बारावीसाठी लातूरला लोटायला लागली आणि आमच्या गल्लीत ज्याच्याकडे जास्तीची खोली होती त्यानं तीत दोन खाटा टाकल्या. आम्हीही कर्ज काढून ते घर विकत घेतलं, वरचा मजला बांधला आणि मुली ठेवायला लागलो. गाद्या अर्थातच आपांकडून. जून महिन्यात रिक्षांमधून मुली उतरायच्या, त्यांच्याबरोबर पत्र्याची पेटी, बादली, लोणच्याची बरणी आणि बाप. आपा उंबऱ्यात बसून बघायच्या. "सामान उतरलं बघ, शकूबाई. पेटीवर पोरीचं नाव, पोरीवर बापाचं." मी म्हणायची, "आपा, हळू. ऐकतील. भाडेकरू आहेत माझ्या." पण मुलींनाही ते आवडायचं. चाचणीत मार्क कमी पडले की त्या अभ्यास सोडून आपांकडे जाऊन बसायच्या आणि आपा त्यांना बोटीत जागा द्यायच्या. कुणाला साहेबांच्या मजल्यावर, कुणाला वाघाच्या पिल्लाशेजारी. एकीला त्यांनी टपालाच्या थैल्यांवर बसवलं, कारण तिला घरून कुणी फोन करत नसे. माझ्या मुली, माझं छप्पर, माझा डबा. आणि रडायला मात्र शेजारी.

वैशालीला दहावीत चांगले मार्क पडले. लातूरमध्ये चांगले मार्क पडलेल्या मुलीला काय घेणार असं कुणी विचारत नाही. अकरावी सायन्स, दोन क्लासेस, पुढे मेडिकल. माझ्या घरात भाड्यानं राहणाऱ्या मुली डॉक्टर होतात, मग माझी का नाही होणार? दिवाळीनंतर एका सकाळी आपा आमच्या दारात आल्या. त्या सहसा आत यायच्या नाहीत. अंगाला कापूस असतो म्हणायच्या. त्या दिवशी सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या.

"शकूबाई, रागावू नको. पोरीला सायन्स न्हाई करायचं."

"कोण म्हणतं?"

"तीच. तिला भूगोल शिकायचाय."

"भूगोल? म्हणजे आर्ट्सला जायचंय?" माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "हे तिनं तुम्हाला सांगितलं? मला का नाही सांगितलं?"

"तुला भिते."

"मला भिते? मी काय वाघ आहे?"

"वाघाच्या पिल्लाला न्हाई भीत ती," आपा म्हणाल्या. चेष्टेनंच म्हणाल्या, पण मला ती चेष्टा सोसली नाही.

"आपा, हे सगळं तुमच्या बोटीनं केलं. एडन काय, कालवा काय. तुम्हाला पोर नाही म्हणून माझ्या पोरीला घेऊन बसलात इतकी वर्षं. आता तुमची बोट तुमच्या घरात ठेवा."

आपांनी पाटाला हात टेकला. मग उठल्या. "मी कुठून भूगोल शिकवू? मला तर समुद्र कुठल्या अंगाला हाय ते बी ठाऊक न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. पाटावर थोडा कापूस राहिला होता. मी तो झाडून टाकला.

वैशालीला मी आपांकडे जायला बंदी केली. त्या वर्षी नव्या खोल्यांना फोमच्या गाद्या आणल्या. हलक्या होत्या, भरून घ्यायची कटकट नव्हती. आपांनी त्या गाद्या रिक्षातून उतरताना पाहिल्या. सामान म्हणाल्या नाहीत. वैशाली क्लासला जायची, घरी यायची, जेवायची, माझ्याशी आवश्यक तेवढं बोलायची. भिंतीपलीकडून पिंजायच्या यंत्राचा आवाज आला की तिचा घास थांबायचा. मी ते बघायची आणि तिला आणखी एक पोळी वाढायची.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी ती क्लासहून आली, दप्तर न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला भौतिकशास्त्र कळत नाही आणि आवडतही नाही. मला आर्ट्सला जायचंय. पुढे भूगोल घ्यायचाय. तू रागावलीस तरी मी हेच सांगणार आहे." मला आतून बरं वाटलं. शेवटी माझी पोर माझ्याकडेच आली. मी म्हटलं, "एवढंच होतं तर आधी का नाही बोललीस?"

"आपांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, आईला तोंडानं सांगून ये, मगच माझ्याकडे ये. तोवर तुला बोटीत घेणार न्हाई."

म्हणजे बंदी मोडून आधी ती तिकडेच गेली होती. माझ्याकडे आली तीही आपांनी पाठवली म्हणून. मी चाचण्यांचे मार्क बघितले, यजमानांशी बोलले. पोरीची दोन वर्षं वाया घालवण्यात शहाणपण नव्हतं. जूनमध्ये तिचं नाव आर्ट्सला घातलं. गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, घरात कुणी आजारी असल्यासारख्या. एकीनं तर विचारलं, "पण मार्क तर चांगले होते ना हो?" मी म्हटलं, "म्हणूनच."

आपांशी माझं बोलणं पुन्हा सुरू झालं, पूर्वीसारखं नाही पण झालं. पुढे फोमच्या गाद्या सगळीकडेच आल्या, आपांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि नांदेडच्या पुतण्यानं त्यांना बोलावून घेतलं. कापूस, यंत्र, भांडी टेम्पोनं आधीच गेली. त्यांना पोचवायला कोण जाणार? वैशालीची बी.ए.ची शेवटची परीक्षा चालू होती. आपा म्हणाल्या, "शकूबाई, तू चल."

एसटीत त्यांना मळमळायला लागलं. डोळे मिटून, माझा हात धरून बसल्या. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी त्यांना लिंबू-सोडा आणून दिला. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "लई बरं वाटलं. बोटीला बी स्टँड पायजे होता गं." ही माझी जुनी फजिती त्यांना कळली होती तर. आम्ही दोघी हसलो.

मग त्या म्हणाल्या, "तुला पोरीनं बोटीत कुठं बसवलं होतं, ठाऊक हाय?"

"मी होते बोटीत?"

"पहिल्या दिसापासून. खाली, भट्टीपाशी. कोळसा टाकायला. म्हणायची, आई थांबली की बोट थांबंल."

"म्हणजे तिथंही मला कामालाच लावलं," मी म्हटलं. आणि ग्लासातल्या लिंबाच्या बिया एकेक करून खिडकीतून टाकायला लागले.

"तुला कामाला तरी लावलं," आपा म्हणाल्या. "मी कित्येकदा विचारलं, मी कुठं बसू? तर म्हणायची, आपा, तुम्ही धक्क्यावर. रुमाल हलवायला. कुणीतरी सोडायला पायजे ना." त्या हसल्या. "एवढी वर्षं बोट मी हाकली आन् मलाच धक्क्यावर."

बस सुटली. आपा हसून झाल्यावरही खिडकीबाहेर बघत राहिल्या, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, जिथं त्यांना काही दिसत नसणार. ते बघणं मी ओळखलं. इतकी वर्षं भिंतीच्या या बाजूला उभी राहून मी तसंच बघत होते.

एवढ्यानं माझा मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. वैशालीला इस्लापूरला नोकरी लागली तेव्हा मला आधी हेच दिसलं की तिथून नांदेड जवळ आहे. रविवारचे तिचे फोन पुष्कळदा आपांच्या घरूनच यायचे. पाठीमागे आपांचा खोकला ऐकू यायचा. मी विचारायची, "जेवलीस का?" ती सांगायची, "हो, आपांकडेच." मी म्हणायची, "बरं."

पंधरा तारखेला सकाळी मी मुली घेऊन येणाऱ्या पालकांना फोन करून खोल्या उद्या दाखवते म्हणून सांगितलं, दाराला कुलूप लावलं आणि नांदेडची एसटी धरली. मी पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. आतल्या खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या, काही जणी हळू आवाजात पढत होत्या. त्यांच्यामध्ये भिंतीला टेकून वैशाली बसली होती. डोक्यावरून ओढणी, डोळे सुजलेले. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि शेजारणीला सांगत होती, "ही आपाची पोरगी. इस्लापूरहून आली. काल तिच्याच मांडीवर आपाचं डोकं होतं म्हणे, शेवटच्या आंघोळीला नेईपर्यंत."

मी दारात उभी होते. म्हातारीनं मान वर करून मला विचारलं, "तुम्ही कोण, बाई?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. 'हिची आई' हे उत्तर तोंडात तयार होतं, वीस वर्षं तयार होतं.

"मी आपांची शेजारीण," मी म्हटलं. "लातूरची." आणि चपला काढून, दाराजवळच्या बाईनं सरकून जागा दिली तिथं बसले.